डिप्रेशनची गोळी: कुळ कोणतं, गुण कधी, सोडायची कशी

दुकानात आपण गोळी मागतो ती कंपनीने ठेवलेल्या नावाने. एकाच औषधाची अशी डझनांनी नावं बाजारात असतात. पुण्याची चिठ्ठी घेऊन माणूस बार्शीला गेला की दुकानदार दुसऱ्याच कंपनीची पट्टी पुढे करतो आणि घरी शंका सुरू होते, औषध बदललं की काय? बदललेलं नसतं. उलटा प्रकार मात्र जास्त घातक: नाव जवळजवळ तेच, शेवटी फक्त 'प्लस' जोडलेलं, आणि आत एक अख्खं दुसरं औषध वाढलेलं. म्हणून घरात कुणाचं मानसोपचाराचं औषध सुरू झालं की पहिल्याच दिवशी पट्टीवर छापलेलं मूळ नाव आणि त्यापुढचे मिलिग्रॅम वहीत उतरवून ठेवावेत. एस्सिटालोप्राम १०. सर्ट्रालिन ५०. एवढं हाताशी असलं की पुढची निम्मी गफलत टळते.

मूळ नावावरून औषधाचं कुळ कळतं. गुण यायला किती दिवस लागतील, त्रास झालाच तर कोणत्या प्रकारचा होईल आणि बंद करायची वेळ आली तर किती सावकाश जायचं, हे सगळं बरंचसं त्या कुळावर ठरतं. 'औषध लागू पडलं नाही' अशी तक्रार येते तेव्हा खोदून विचारलं तर बरेचदा कळतं की ते दहाव्या दिवशी सोडलं होतं, किंवा चौथ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून एका रात्रीत बंद केलं होतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे ही औषधं हरतात ती जास्त करून तारखांच्या घोळात. डोस ठरवायचा आणि बदलायचा तो डॉक्टरांनीच. पण तो ठरताना आपण नुसती मान डोलवायची की दोन नेमके प्रश्न विचारायचे, हे आपल्याला ठरवता येतं.

कोण कोणत्या घरातलं

यातलं पहिलं औषध क्षयरोगाच्या वॉर्डात सापडलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड देत होते, आणि खंगलेली माणसं अचानक उत्साही झालेली दिसली. त्यातून एमएओ नावाचं एन्झाइम रोखणाऱ्या औषधांचं कुळ जन्माला आलं. चीज वगैरे पदार्थांशी त्यांचं जमत नाही, रक्तदाब धोकादायक चढतो. आपल्याकडे आज ती क्वचितच कुणी लिहितं. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून या डॉक्टरांना इमिप्रामिन गवसलं. ते तपासत होते वेगळ्याच आजारासाठी, उपयोग झाला डिप्रेशनला. हे ट्रायसायक्लिक कुळ. अॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, डोथिएपिन ही त्यातलीच.

हे जुनं कुळ अजून चांगलंच कामात आहे, पण बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने. अर्धशिशीला, मज्जातंतूंच्या जळजळीला, जुनाट दुखण्याला अॅमिट्रिप्टिलिन १० किंवा २५ मिग्रॅ. रात्री देतात. रुग्ण घरी जाऊन मोबाइलवर नाव शोधतो, 'डिप्रेशनचं औषध' असं वाचतो आणि डॉक्टरांनी आपल्याला वेड्यात काढलं म्हणून गोळी कचऱ्यात टाकतो. तसं काही नसतं. डिप्रेशनला याच्या कितीतरी पट डोस लागतो. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, उठताना चक्कर हे या कुळाचे ठरलेले त्रास. प्रोस्टेटची तक्रार असलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर आधी सांगावं लागतं. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगायची: या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या तर हृदयावर जातात. घरात लहान मूल असेल किंवा कुणाच्या मनात जिवाचं काही घोळत असेल, तर त्या कुलपातच हव्यात.

अमेरिकेत १९८७च्या अखेरीस फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि एसएसआरआय कुळाचा काळ सुरू झाला. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन ही सगळी भावंडं. मज्जापेशींनी सोडलेलं सेरोटोनिन परत ओढून घेणारी जी यंत्रणा असते, ती ही औषधं रोखतात. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं म्हणून डिप्रेशन' ही सांगायला सोपी गोष्ट मात्र आता जाणकार इतक्या सरळपणे सांगत नाहीत. औषध उपयोगी आहे, पण ते नेमकं कसं उपयोगी पडतं याचं उत्तर त्याहून गुंतागुंतीचं आहे. भावंडांत स्वभावाचा फरक आहे. फ्लुओक्सेटिन अंगात फार दिवस टिकतं आणि थोडी तरतरी आणतं, म्हणून सकाळी. सर्ट्रालिनने सुरुवातीला पोट बिघडू शकतं. पॅरोक्सेटिनने वजन वाढायची शक्यता जास्त, आणि सोडायला ते या घरातलं सगळ्यात हट्टी.

या कुळाचा जो त्रास कुणी बोलून दाखवत नाही, तो लैंगिक. इच्छा कमी होणं, उशीर लागणं, समाधान न होणं. हा त्रास पुष्कळांना होतो, स्त्रियांनाही. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर डॉक्टरांना हे सांगायचं कसं, म्हणून लोक गुपचूप गोळी सोडतात आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा आजारी पडतात. दोन मिनिटं एकटं बोलायचंय, असं डॉक्टरांना सरळ सांगावं. डोस कमी करणं, औषध बदलणं असे मार्ग असतात, पण ते तक्रार कळल्यावरच.

व्हेन्लाफॅक्सिन, डेस्व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन हे एसएनआरआय कुळ सेरोटोनिनबरोबर नॉरअॅड्रेनलिनवरही काम करतं. मधुमेहाने पायांची आग होणाऱ्यांना ड्युलोक्सेटिन म्हणूनच दिलेलं दिसतं. व्हेन्लाफॅक्सिनच्या मोठ्या डोसला रक्तदाब चढू शकतो, तेव्हा तो मोजत राहायचा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आणि दाणे भरलेल्या कॅप्सूल कुटून, चावून घ्यायच्या नाहीत. मिर्टाझापिन वेगळ्या वाटेने जातं: झोप आणतं, भूक वाढवतं. खंगलेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला ते वरदान वाटतं, वजनाशी झगडणाऱ्याला शिक्षा. ब्युप्रोपिऑनने लैंगिक त्रास सहसा होत नाही आणि सिगारेट सोडायलाही ते वापरतात. पण पूर्वी फिट आली असेल तर ते नको.

आता या घरात चुकून मोजला जाणारा पाहुणा: क्लोनाझेपाम. हे डिप्रेशनचं औषध नव्हे. ही शामक गोळी. तासाभरात घबराट निवते, झोप लागते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे, मुख्य औषध रुजेपर्यंत आधार म्हणून ती देतात, आणि तेवढ्यापुरती ती चांगलीच. पण माणसाचा विश्वास तासाभरात गुण देणाऱ्या गोळीवर बसतो. मग एस्सिटालोप्राम सुटतं आणि क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू राहतं. सवय लागते ती हिची. वय झालेल्यांत तोल जाणं, पडणं, विसरभोळेपणा वाढणं हेही हिच्या खात्यावर. 'प्लस' नावाच्या पट्टीत बरेचदा एस्सिटालोप्रामबरोबर हीच असते, आणि मला ही जोडगोळी मुळीच पसंत नाही, कारण एक कमी करायचं आणि दुसरं ठेवायचं झालं तर गोळी तशी तोडता येत नाही. दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून द्याल का, हा डॉक्टरांना विचारण्याजोगा पहिला प्रश्न. मात्र बरीच वर्षं घेतलेलं क्लोनाझेपाम स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते.

मग यातलं सगळ्यात चांगलं कोणतं? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. तपासलेली २१ही औषधं नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली, पण त्यांच्या आपापसातल्या गुणांत फरक थोडाच. म्हणून निवड होते ती माणूस पाहून: झोप कशी, वजन किती, मधुमेह आहे का, आधी कशाने बरं वाटलं होतं, आणखी कोणती औषधं चालू आहेत.

पहिला दीड महिना

त्रास आधी येतो, गुण मागाहून. यातच सगळी मेख आहे. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, घाम, कधी उलट वाढलेली बेचैनी. जेवणानंतर घेणं, अर्ध्या डोसने सुरुवात करणं याने बहुतेकांचं निभतं आणि आठ-दहा दिवसांत हे ओसरतं. मन हलकं होऊ लागल्याची चाहूल साधारण दोन आठवड्यांत लागते, पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे जातात. बदल आधी घरच्यांना दिसतो. माणूस स्वतः 'काही फरक नाही' म्हणत असतो, पण दाढी केलेली असते, ताटातली पोळी संपलेली असते.

याच काळात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. अंगात बळ आधी येतं आणि उदासी मागे रेंगाळते, तेव्हा काहींच्या मनात आत्महत्येचे विचार उसळू शकतात. पंचविशीच्या आतल्यांत ही शक्यता थोडी जास्त असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने छापायला लावला आहे. तो औषध न देण्याचा आदेश नाही. मुलाला एकटं सोडू नका, डोस वाढला की पुन्हा पंधरा दिवस जपा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. असे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं किंवा थेट रुग्णालयात जायचं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

दुसरी एक खूण घरचे हमखास चुकीची वाचतात. औषध सुरू झाल्यावर माणूस तीन तास झोपूनही ताजातवाना, बडबड थांबत नाही, डोक्यात धंद्याच्या दहा कल्पना, हातातून पैसा सुटलेला. घरात आनंदीआनंद: सुटला एकदाचा! हा उन्मादाचा झटका असू शकतो. मुळातला आजार बायपोलर असेल तर डिप्रेशनची गोळी कधी कधी माणसाला दुसऱ्या टोकाला नेऊन टाकते. त्याच दिवशी फोन करायचा. आणि पहिल्याच भेटीत सांगायचं की पूर्वी कधी असे दिवस येऊन गेलेत का, मामा-काकांत कुणाला होतं का.

योग्य डोसवर चार आठवडे होऊनही काही हललं नाही, तर विचार बदलाचा. पण त्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ पाहिलं का? गोळी खरंच रोज घेतली का? रात्रीचे दोन पेग चालूच आहेत का? अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरं वाटलेले लोक फार तर एक तृतीयांश होते. म्हणजे पहिली गोळी न चालणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यावरून डॉक्टरही वाईट ठरत नाहीत आणि आपला आजारही असाध्य ठरत नाही.

बदलताना

एका एसएसआरआयवरून दुसऱ्यावर जाताना कधी थेट बदल होतो, कधी एक उतरवत दुसरं चढवतात. वेळापत्रक कागदावर तारखांसकट लिहून मागा. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत उलटं होतं. जुनी पट्टी शिल्लक आहे म्हणून दोन्ही घेणं हा नेहमीचा घोळ. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढलं तर ताप, घाम, थरथर, जुलाब, स्नायू ताठरणं, भ्रम अशी लक्षणं काही तासांत दिसतात आणि तेव्हा रुग्णालयच गाठावं लागतं.

हा धोका दुसऱ्या आजाराच्या औषधातूनही येतो, हे अनेकांच्या गावी नसतं. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी त्यातली एक. दुसरं लिनेझोलिड. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी ते आपल्याकडे बरंच वापरलं जातं आणि त्याच्यात एमएओ रोखण्याचा थोडा गुण आहे. तेव्हा क्षयाच्या केंद्रावर डिप्रेशनच्या गोळीबद्दल आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे क्षयाच्या उपचाराबद्दल, दोन्हीकडे सांगायचं, लाज बाजूला ठेवून. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही अंगात इतकं रेंगाळतं की एमएओ रोखणारं औषध सुरू करायला पाच आठवडे थांबतात.

आणखी काही जोड्या ध्यानात ठेवा. एसएसआरआयबरोबर गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन रोज चालली तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन टाळतात, कारण ती टॅमॉक्सिफेनला अंगात कामाला लागू देत नाहीत. वयस्कर माणूस, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, आणि वर एसएसआरआय: सोडियम घसरतं. आजी एकाएकी गोंधळल्या, लटपटल्या, तर 'वय झालं' म्हणून गप्प न बसता सोडियमची तपासणी करून घ्या. गरोदरपणाची चाहूल लागली म्हणून घाबरून त्याच दिवशी गोळ्या बंद करू नयेत. आईचा आजार उलटणं बाळालाही परवडत नाही. आधी डॉक्टर, मग निर्णय.

सोडताना

बरं वाटलं म्हणजे औषध संपलं नव्हे. पहिलंच आजारपण असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने त्याच डोसवर राहायचं असतं. पुन्हा पुन्हा येणारं असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं औषधावर असलेल्या आणि बरं वाटत असलेल्या लोकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला, उतरवून बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. औषध राखतं हे खरं, आणि बंद केलेल्यांतले बरेच जण ठीक राहिले हेही खरं. 'आता जन्मभर' आणि 'कशाला घ्यायच्या त्या गोळ्या' ही दोन्ही वाक्यं या आकड्यांत बसत नाहीत.

एकदम सोडलं तर दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, आणि मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं. याला लोक आजार परत आला समजतात. फरक ओळखता येतो: हा त्रास दिवसांत येतो, त्यात झटके आणि चक्कर असे शरीराचे प्रकार असतात, आणि गोळी पुन्हा घेतली की एक-दोन दिवसांत जातो. खरा आजार आठवड्यांनी-महिन्यांनी हळूहळू पाय पसरतो. एखाद-दुसरी गोळी चुकली तरी तुम्हाला चक्कर येते का, यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. व्हेन्लाफॅक्सिन अंगातून काही तासांत ओसरतं, पॅरोक्सेटिन साधारण दिवसभरात, म्हणून सोडताना त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन जायला आठवडे लागतात. ते बरेचदा आपलं आपणच सावकाश उतरतं.

याच कारणाने 'एक दिवसाआड घ्या' हा लोकप्रिय सल्ला फ्लुओक्सेटिन सोडून बाकीच्यांना लावू नये. एक दिवस ओहोटी, एक दिवस भरती, असं मेंदूला हिंदकळवत ठेवण्यापेक्षा रोज तेवढाच लहान डोस बरा.

लहान करायचा तरी कसा? मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये याचं गणित मांडलं. सिटालोप्रामच्या २० मिग्रॅ.ने सेरोटोनिन ओढणाऱ्या यंत्रणेपैकी सुमारे ८० टक्के अडते. डोस दुप्पट, ४० केला, तरी अडते ८६ टक्क्यांच्या आसपास. आणि ५ मिग्रॅ.वर आलात तरी जवळपास ६० टक्के अडलेलीच असते. म्हणजे ४० वरून २० वर येणं हे पठारावर चालणं, आणि ५ वरून शून्यावर येणं ही कड्यावरून उडी. लोक नेमकं उलटं करतात: वरचे टप्पे भीतभीत उतरतात आणि 'आता काय, एवढीशीच राहिली' म्हणून शेवटची अर्धी गोळी एकदम टाकून देतात. शेवटचे टप्पे सगळ्यात लहान हवेत. मागच्या डोसच्या चौथ्या हिश्श्याने, कधी त्याहून कमी, आणि दर टप्प्यावर दोन ते चार आठवडे, अशी चाल डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. त्रास झाला तर एक पायरी परत वर जाऊन थांबायचं. एस्सिटालोप्रामची ५ मिग्रॅ.ची साधी गोळी अर्धी-पाव करता येते. त्याहून लहान डोससाठी द्रव औषध मिळतं का ते विचारा. सावकाश विरघळणारी गोळी मात्र तोडायची नाही. गोळी तोडायचा छोटा कटर औषधांच्या दुकानात मिळतो. सुरीने पाव करायला गेलं की भुगाच जास्त होतो.

वेळ पाहून सोडा. मुलीचं लग्न, बारावीचं वर्ष, बदली, घरातलं आजारपण, बाळंतपण यांच्या तोंडावर नको. आणि गोळी उतरवताना दुसरं काहीतरी चढवत जावं. गोव्यात संगत या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार चाचणी केली. २०१७ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत लोकांना दिवसाचं वेळापत्रक, सुटलेली कामं, माणसांत मिसळणं याकडे पुन्हा वळवलं, आणि तीव्र डिप्रेशनमध्येही त्याचा उपयोग दिसला. ही कामं फार साधी दिसतात म्हणून आपल्याकडे त्यांना कुणी उपचार मानत नाही, हे आपलं दुर्दैव.

वहीकडे परत येऊ. तारीख, मूळ नाव, डोस, झोप किती तास, आणि त्या आठवड्यातला सगळ्यात वाईट त्रास एका ओळीत. ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत किंवा गोव्यात बांबोळीला रांग मोठी असते. वही पुढे केली की ती मिनिटं कामी येतात. खर्च जड जात असेल तर मूळ नावाने चिठ्ठी लिहून घ्या. यातली बरीच औषधं जनऔषधी केंद्रात कमी पैशांत मिळतात. मुलाकडे परदेशी जाणाऱ्यांनी मूळ नावाची इंग्रजी चिठ्ठी सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवावी. आखाती देशांत क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांवर कडक नियंत्रण आहे. तिथे ती नेण्याआधी परवानगीचे नियम पाहावे लागतात.

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही. लवकर आठवलं तर घ्यायची, नाहीतर पुढची आपल्या वेळेला. पट्टी संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणा, विशेषतः गणपती-दिवाळीत, जेव्हा डॉक्टर सुट्टीवर असतात आणि दुकानदार जुन्या चिठ्ठीवर द्यायला कां-कूं करतो. त्याचं कां-कूं करणं बरोबरच आहे. आणि उरलेल्या गोळ्या 'तुला पण तसंच होतंय ना' म्हणून भावजयीला देऊ नका.